औषध घेतले, तरी पांढरे जायचे थांबत नाही

बाह्यरुग्ण विभागातून माझ्याकडे पाठवलेल्या, साधारण पस्तिशीच्या त्या ताईंनी खुर्चीत टेकण्याआधीच विचारले, "मॅडम, गोळ्या घेऊनही अंगावरून पांढरे जाते. आता पिशवी काढावी लागेल का?" ही भीती मला हसण्यावारी नेता येत नाही, कारण बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या २०१९ च्या सरकारी पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती.

मी औषध पाहायला मागितले. त्यांनी रुमालाची गाठ सोडून योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या सहा गोळ्यांचे पाकीट काढले. त्यात एकच गोळी उरली होती. पहिली गोळी त्यांनी पाण्याबरोबर गिळली होती, कारण पाकिटावर पेनाने 'रात्री १' एवढेच लिहिलेले होते. शेजारणीने सांगितल्यावर पुढच्या दोन योग्य जागी ठेवल्या, खाज थांबली म्हणून औषध थांबवले आणि दोन गोळ्या जावेला देऊन टाकल्या. मेडिकलवाल्यासमोर चार पुरुष उभे असताना 'ही कुठे घ्यायची' असे कोणती बाई विचारील? त्यांची चूक मला फारशी वाटली नाही.

जंतुनाशक घातलेल्या पाण्याने रोज आतून धुण्याची सवयही बोलता बोलता कळली. अशा धुण्याने योनीतील उपयुक्त जीवाणू कमी होतात व तक्रार बळावते, तेव्हा बाहेरून साधे पाणी पुरे, हे मी त्यांना समजावले. बुरशीच्या संसर्गात नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला सहसा औषध लागत नाही, ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या परजीवीच्या संसर्गात मात्र दोघांनी एकाच वेळी घ्यावे लागते. म्हणूनच जावेचा आजार तपासणीशिवाय आपल्या गोळ्यांवर सोपवू नये, हेही सांगितले. गोळी झोपण्यापूर्वी कशी ठेवायची, हे त्यांच्याकडूनच पुन्हा वदवून घेतले. पिशवीचा प्रश्न डॉक्टरांच्या तपासणीत निकालात निघाला. गर्भाशयात काही दोष नव्हता. हा त्रास होण्याची वर्षातली ही चौथी वेळ होती आणि साखर वाढलेली असली की बुरशी पुन्हा पुन्हा उद्भवू शकते, म्हणून डॉक्टरांनी रक्तातील साखर तपासली, आणि ती बरीच वाढलेली निघाली.

पंधरा दिवसांनी त्या आल्या तेव्हा खाज नव्हती, साखरेच्या गोळ्या सुरू होत्या आणि मागे दाराशी, पदर सावरत, जाऊ उभी होती.