वाचकांचे प्रश्न : पहिल्या आठवड्यात दोन किलो, मग काटा रुसला

वजन उतरवायला निघालेल्यांची पत्रे या खेपेला ढीगभर आली. बहुतेकांचे रडगाणे एकच: ठरवले होते तेवढे उतरत नाही. निवडक पत्रांना आमच्या आहारतज्ज्ञांनी आणि डॉक्टरांनी मिळून दिलेली ही उत्तरे.

प्रश्न : वय ३८, उंची १५५ सेंमी, वजन ७८ किलो. डिसेंबरात भावाचे लग्न आहे, हातात चार महिने. तोवर ६० किलोवर यायचे ठरवून रात्रीचे शीत (भात) बंद केले, चहातली साखर सोडली. पहिल्या आठवड्यात २ किलो ४०० ग्रॅम उतरले. दुसऱ्यात जेमतेम ३००. तिसऱ्यात उलट ४०० ग्रॅम वाढले! माझे काय चुकते आहे?
(गृहिणी, फोंडा)

उत्तर : खाण्यात काही चुकलेले नाही, चुकला तो १८ किलोचा आकडा. हिशेब मांडून बघा. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १८ किलोच्या होतात १ लाख ३८ हजार ६००. त्या १२० दिवसांत जाळायच्या तर रोज ११५५ कॅलरींची तूट हवी. तुमचे वय, उंची, वजन आणि घरकामाची धावपळ धरली तर तुमची दिवसाची गरज १९५० च्या आसपास येते. म्हणजे खायला उरतात ८००. एवढ्यावर चार महिने घर चालवणे, लग्नाची खरेदी करणे आणि कोणावर न खेकसणे कठीण. शिवाय एवढ्या तुटीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

रोज ५०० ची तूट, म्हणजे १४५० कॅलरींचे जेवण, हे निभणारे गणित आहे. कागदावर चार महिन्यांत पावणेआठ किलो निघतात. प्रत्यक्षात ५ ते ६ धरा, कारण वजन उतरते तशी शरीराची गरजही उतरते आणि मध्ये चवथ (गणेशचतुर्थी) येते, पाहुणे येतात, एखादी जत्रा येते. डिसेंबरात तुम्ही ७२-७३ वर असाल. हे कमी वाटेल, पण मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले की रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि यकृतावरची चरबी यांत फरक पडू लागतो. तुमच्यासाठी ५ टक्के म्हणजे ३ किलो ९०० ग्रॅम.

आता ते पहिले २ किलो ४०० ग्रॅम. यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराची साठवणीतली साखर) साठलेले असते आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. रात्रीचे शीत बंद झाले की हा साठा ओसरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही. जेवण कमी झाल्याने मीठही कमी पोटात गेले, आतड्यातला ऐवज घटला. त्या २ किलो ४०० ग्रॅमांत खरी चरबी फार तर अर्धा किलो असेल. तिसऱ्या आठवड्यातले ४०० ग्रॅमही चरबी नव्हेत. पाळी जवळ आली, आदल्या रात्री सुकी सुंगटे (कोळंबी) किंवा लोणचे झाले, पोट साफ झाले नाही, यांतल्या कशानेही काटा किलो-दीड किलो हलतो.

म्हणून वजन करायची रीत आधी पक्की करा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर ठेवायचा, चटईवर किंवा पायपुसण्यावर नाही. रोज आकडा लिहायचा, पण त्यावर मत बनवायचे नाही. आठवड्याची सरासरी काढायची. एक नमुना पाहा:

पहिला आठवडा: ७६.४, ७५.८, ७६.९, ७६.१, ७५.९, ७६.६, ७६.०. सरासरी ७६.२४.
दुसरा आठवडा: ७६.०, ७६.५, ७५.४, ७५.७, ७६.२, ७५.५, ७५.३. सरासरी ७५.८.

फक्त मंगळवारी वजन करणारी बाई पहिल्या आठवड्यात ७५.८ बघेल, दुसऱ्यात ७६.५. सातशे ग्रॅम वाढले म्हणून ती त्या रात्री जेवण सोडेल, नाहीतर वैतागून पथ्यच सोडेल. सरासरीने ती ४४० ग्रॅम उतरलेली आहे. पाळी नियमित असेल तर या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा, ते सर्वांत खरे चित्र.

जोडीला पंधरा दिवसांतून एकदा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० सेंमी ही सावध होण्याची रेघ आहे. काटा अडलेला असताना कंबर कमी होत राहते, असे पुष्कळदा दिसते.

प्रश्न : दोन महिने शीत पूर्ण सोडले. दुपारी दोन पोया (कोंडा लावलेले पोकळ पाव) आणि नुस्ते (मासे), रात्रीही तेच. वजन ८४, तसूभर हलले नाही. भात सोडूनही उतरत नसेल तर आणखी काय सोडायचे?
(दुकानदार, म्हापसा)

उत्तर : शीत परत सुरू करा, पण मोजून. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला सुमारे १३० कॅलरी. उकड्या तांदळाच्याही जवळपास तेवढ्याच. तो पोटात जरा जास्त वेळ टिकतो इतकेच. बिघडते ते ताटात. स्वयंपाकघरातला छोटा काटा आणा, ताट ठेवून शून्य करा आणि नेहमीसारखे वाढा. ३५० ते ४०० ग्रॅम भरले तर नवल नाही, म्हणजे साडेचारशे ते सव्वापाचशे कॅलरी. १५० ग्रॅम वाढून ते ताट एकदा नीट बघून ठेवा. आठवड्याभरात डोळ्याला सवय होते.

पोईवर कोंडा असतो म्हणून ती पथ्याची, असा समज गावोगाव आहे. पदेराकडच्या (पाव भाजणाऱ्याकडच्या) पोईत गव्हाचे पीठ किती आणि मैदा किती, हे पदेरालाच ठाऊक. आतून पोकळ असल्याने ती दिसते मोठी, पण वजन करून बघाच. कुठल्याही पावाच्या १०० ग्रॅममागे साधारण २७० कॅलरी पडतात, म्हणजे वजनाला वजन धरले तर भाताच्या दुप्पट. भातात पाणी असते, पावात ते भट्टीत उडून गेलेले असते.

नुस्ते उत्तम. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात. प्रश्न रव्याचा आहे. रवा लावून तव्यावर टाकलेला बांगडा तेल पितो आणि एका मोठ्या चमचाभर तेलाच्या होतात सुमारे १२० कॅलरी. चार बांगड्यांना चार चमचे गेले तर बांगड्यामागे तेवढ्या वाढल्या. तव्यावर किती ओतले हे कोणी आठवून सांगू शकत नाही, म्हणून महिन्याचा हिशेब करा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ३३ मिली, सुमारे २७० कॅलरी. तेच तेल अडीच लिटरवर आणले की माणशी रोज शंभर कॅलरी वाचतात आणि ताटातले काहीच कमी होत नाही. हुमणातल्या (माशांच्या आमटीतल्या) खोबऱ्याला मात्र उगाच दोष देऊ नका. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमला ३५० कॅलरी असल्या तरी ते चौघांत वाटले जाते. दोन-दोन वाट्या हुमण ओतून घेतले तर गोष्ट वेगळी.

पत्रात संध्याकाळचा उल्लेख नाही, तरी लिहितो. ६० मिली फेणीत (४२.८ टक्के) नुसत्या अल्कोहोलच्या १४० कॅलरी. त्यात गोड लिंबूसोडा घातला की आणखी शंभर-सव्वाशे. सोबत ५० ग्रॅम काजू म्हणजे २८०. एका पेल्याची ही बेरीज पाचशेच्या वर जाते, आणि आठवड्याचे पाच दिवस ४०० ची तूट पाळून शनिवार-रविवारी हजार-हजार जास्त झाले तर बाकी शून्य. दोन महिने काटा न हलण्याचे कारण बहुधा इथेच सापडेल.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर शीत अचानक तोडल्याने साखर धोकादायक खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या.

प्रश्न : ९६ वरून तीन महिन्यांत ८९ झालो. गेले पाच आठवडे एक ग्रॅमही नाही. रोज अर्धा तास चालतो. हातातले घड्याळ दरवेळी ३०० कॅलरी दाखवते. शरीराला सवय झाली का?
(आयटी कर्मचारी, पर्वरी)

उत्तर : पाच आठवड्यांची सरासरी जागची हलत नसेल तर तूट संपली आहे. सात किलो कमी झाल्यावर शरीर चालवायला रोज साधारण दीडशे कॅलरी कमी लागतात. आणि तीन महिन्यांनी हातही सैलावतो. आधी मोजून घेतलेला भात अंदाजाने पडू लागतो, मुलाच्या ताटातला उरलेला तुकडा हिशेबात येत नाही.

घड्याळावर विसंबू नका. तुमच्या वजनाच्या माणसाने ताशी पाच किलोमीटरने अर्धा तास चालले तर दीडशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि त्यातल्या पन्नासेक नुसते बसून राहिलात तरी गेल्याच असत्या. हातात येतात शंभर. ३०० वाचले समजून कोपऱ्यावर भजी-पाव खाल्ला तर चालणे फुकट. चालणे सोडू नका, पण ते वजन टिकवायला जास्त कामाचे. उतरवण्याचे मुख्य काम ताटच करते.

चार दिवस, त्यात एक रविवार धरून, सगळे काट्यावर मोजून लिहा. तेवढ्यानेच अनेकांना दीडशे-दोनशे कॅलरी सापडतात. मग एकच बदल करा: तेवढ्या कमी खा किंवा चालणे दुप्पट करा. तीन आठवडे सरासरी बघा आणि मगच पुढचा. दोन्ही एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

स्नायू राखायला आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीतून हात न टेकता उठबस १० ते १२ वेळा, असे तीन फेरे. भिंतीला हात टेकून दंड तेवढेच. पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घालून जिना. चार महिने पाऊस कोसळत असताना घरात होण्याजोगे एवढे पुरे. दिवसाला वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम प्रथिने पोटात जाऊ द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : थायरॉइड आहे, गोळी घेते. माझे वजन कधी उतरणारच नाही ना?
(शिक्षिका, डिचोली)

उत्तर : उतरेल. थायरॉइड मंद असल्याने वाढणारे वजन बहुतेकांत दोन ते पाच किलो असते आणि त्यात मीठ-पाण्याचा वाटा मोठा. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) मर्यादेत आले की बाकीचे किलो इतरांसारखेच हिशेबाने उतरतात. गोळी मात्र सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवा. चहाबरोबर घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही आणि मग डोस उगीच वाढत जातो.

प्रश्न : महिन्यात दहा किलोची हमी देणारी पावडर आणि घाम काढणारा पोटाचा पट्टा घ्यावा का? की सरळ इंजेक्शन?
(वास्को)

उत्तर : पट्ट्याने घाम जातो. तो आपल्या हवेत बसल्या जागीही जातो आणि दोन पेले पाण्याने परत येतो. एका जागची चरबी निवडून काढता येत नाही. उपासमारीने महिन्यात दहा किलो खरेच उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात.

इंजेक्शन हे खरे औषध आहे, पण तेही जादू नव्हे. सेमाग्लुटाइड या वजन उतरवण्याच्या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले, म्हणजे ९० किलोच्या माणसाचे साडेतेरा किलो, तेही आहार आणि व्यायाम सांभाळून. थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत चढले. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ होते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, कोणाच्या ओळखीने मागवून टोचून घेऊ नका. गरोदरपणात आणि त्याचा विचार चालू असताना तर नाहीच.

प्रश्न : चवथीच्या पाच दिवसांत पथ्य कसे पाळायचे?
(साखळी)

उत्तर : त्या पाच दिवसांत उतरवायचा हट्ट नको, आहे तेवढे राखले तरी खूप. खतखते (भाज्यांची मिसळ) आणि मुगागाठी (मोडाच्या मुगाची उसळ) पोटभर घ्या, भात त्यांच्यामागून. नेवऱ्या (करंज्या) जेवल्यावर दोन, आणि डबा पुढ्यात ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. शेजारी आरतीला गेल्यावर तिथला प्रसाद चालेल, फराळाचे ताट नम्रपणे परत करा. नंतर काटा दीड किलो जास्त दाखवेल. दीड किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतात, आणि तेवढ्या नेवऱ्या कोणाच्याच घरात होत नाहीत. विसर्जनानंतर चार दिवस काट्यावर चढू नका, नेहमीचे जेवण सुरू करा. पाचव्या दिवसापासून पुन्हा लिहायला घ्या आणि चवथीचा आठवडा सरासरीतून सरळ गाळा.