पिकअपला स्कॉर्पिओचं इंजिन बसवावं का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाने सविस्तर पत्र लिहिलं आहे. त्यांच्याकडे 2011 ची बोलेरो पिकअप आहे, 2523 सीसीचं साध्या डिझेल पंपाचं इंजिन. आठवड्याला तीन फेऱ्या बेळगावच्या. चोर्ला घाटातून भाजी आणायची आणि साखळी-म्हापशाला उतरवायची. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, जत्रा सुरू झाल्या की खाजं विकणाऱ्या खाजेकारांचं आणि दुकानवाल्यांचं. आता इंजिन ऑइल खातं, काळा धूर सोडतं आणि भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मावसभाऊ पूर्वी खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता. त्याने अपघातात गेलेल्या स्कॉर्पिओचं 2609 सीसीचं सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन गिअरबॉक्स आणि वायरिंगसकट 85 हजारांना ठरवलं आहे. पावसाळ्यात घरामागच्या मांगरात (शेडमध्ये) दोघांनी मिळून बसवायचं, सगळा खर्च 1 लाख 40 हजार. त्यासाठी 2 लाखांची मुदत ठेव मोडायची, जिला अजून 14 महिने आहेत. बाजूला दुसरी शिल्लक नाही. पत्नीला कुंडईच्या कारखान्यात 19 हजार पगार आहे आणि त्यांचं म्हणणं, "गाडी विकून टाका." प्रश्न असा की हा खर्च समजायचा की गुंतवणूक?

माझ्या मते खर्च, आणि तोही न झेपणारा. इंजिन बदलू नका. साखळीच्या गॅरेजने आहे तेच इंजिन पूर्ण उघडून करायचे 70 हजार सांगितले, असं पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय. ती ओळ तुम्ही सगळ्यात वर लिहायला हवी होती.

कमाईपासून सुरू करतो. तुमचं जुनं इंजिन साठ-पासष्ट हॉर्सपॉवरचं, सीआरडीई 115 चं. घाटात फरक जाणवणार, यात वाद नाही. पण व्यापारी तुम्हाला पोत्यामागे आणि क्रेटमागे पैसे देतो. गाडीत किती वजन भरायचं ते आरसीवर लिहिलेलं आहे आणि इंजिन बदललं म्हणून तो आकडा बदलत नाही. पाटे तेच, अ‍ॅक्सल तोच, टायर तेच. मग राहिला वेळ. चढणीला वीस-पंचवीस मिनिटं वाचली समजा. त्यातून चौथी फेरी निघते का? तुमच्याच पत्रात आहे की म्हापशाचे दोन आणि साखळीचा एक, अशा तीन गिऱ्हाइकांसाठी तीन फेऱ्या होतात. चौथं गिऱ्हाईक असतं तर आत्ताच्या धुराड्या गाडीनेही तुम्ही चौथी फेरी मारली असती.

आता मावसभावाचा खर्चाचा कागद. त्याच्या हाताबद्दल शंका नाही; खाणीच्या वर्कशॉपात डंपरची इंजिनं उतरवलेला माणूस हे काम करेल. पण त्याने इंजिनाचा हिशेब केला आहे, गाडीचा नाही. दोन्ही इंजिनांची माउंटिंग एका जागी येत नाहीत, त्यामुळे चासीवर ब्रॅकेट वेल्डिंगने बसवावे लागतील. गिअरबॉक्स बदलला की त्याची लांबी बदलते, म्हणजे मागे जाणारा शाफ्ट कापून किंवा वाढवून बॅलन्स करून घेणं आलं. रेडिएटर मोठा लागेल, इंटरकूलरला पुढे जागा करावी लागेल. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट जुनी मिळाली तरी कोणी शहाणा जुनी बसवत नाही. अ‍ॅक्सिलरेटर केबलचा जाऊन सेन्सरचा येईल. ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) इंजिनावरचे सगळे सेन्सर जोडलेले मिळाले नाहीत तर इंजिन चालेल, पण शक्ती दाबून. मूळ चावी ईसीएमशी जुळलेली असेल तर तीही त्याच गाडीची हवी. शिवाय पिकअपचं मागचं हाउसिंग (मागच्या चाकांमधली गिअरांची पेटी) ओझं ओढण्यासाठी खाली गिअर केलेलं असतं. त्यावर जास्त ओढीचं इंजिन लावलं की आधी त्यातले गिअर, क्राउन-पिनियन, बोलायला लागतात. आणि उतार? चोर्ल्याची चढण जितकी आहे तितकीच उतरणही आहे. गाडी जास्त वेगाने वळणात शिरणार असेल तर ब्रेक जुन्या इंजिनाच्या मापाचे ठेवून चालणार नाही.

माझ्या ओळखीच्या दोन गॅरेजवाल्यांना मी हे सगळं दाखवलं. कागदावर नसलेल्या या कामांचे त्यांनी पन्नास ते साठ हजार सांगितले. मी 55 हजार धरतो.

त्यात गाडी उभी राहण्याचे दिवस मिळवा. तुम्ही सहा आठवडे म्हणता आणि पावसात धंदा मंद असतो म्हणून ते फुकट धरता. ते फुकट नाहीत. पावसात थांबतात ती जत्रांची भाडी. भाजी जून-जुलैमध्येही खावीच लागते. डिझेल जाऊन फेरीमागे 1,800 रुपये सुटतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. सहा आठवड्यांच्या अठरा फेऱ्या म्हणजे 32,400 रुपये. हेही सगळं वेळेवर झालं तर. घरच्या मांगरातलं काम एका पार्टसाठी पंधरा दिवस अडतं आणि तसं झालं तर चवथ येऊन ठेपेल, माटोळीचं भाडं दुसरा कोणी मारेल आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक त्यालाच फोन करेल.

म्हणजे 1,40,000 अधिक 55,000 अधिक 32,400, एकूण सव्वादोन लाखांच्या वर. ठेव 2 लाखांची. उरलेल्या सत्तावीस हजारांसाठी भिशी उचलायची की सोनं ठेवायचं, हा पुढचा प्रश्न तुम्ही मला ऑगस्टमध्ये विचारला असता.

दुसऱ्या बाजूला, जुनं इंजिन उघडून केलं तर 70 हजार आणि बारा दिवसांत बुडालेल्या पाच फेऱ्यांचे 9 हजार, एकूण 79 हजार. फरक साधारण 1 लाख 48 हजारांचा. गाडी अजून चार वर्षं चालवायची म्हटली तर मोठ्या इंजिनाने दर महिन्याला 3,100 रुपये जास्त कमावून दिले पाहिजेत, किंवा वाचवून. महिन्याला तेरा फेऱ्या, म्हणजे फेरीमागे जवळजवळ 240 रुपये. डिझेल 90 रुपये लिटर धरलं तर प्रत्येक फेरीत अडीच लिटरहून जास्त बचत हवी. तुमची 210 किलोमीटरची फेरी, सध्या लिटरला 11 पडतात. त्याचे पावणेतेरा व्हायला हवेत. सीआरडीई इंजिन डिझेल नीट जाळतं हे खरं, पण मूळ गाडीत, मूळ गिअरांवर, मूळ वजनात. घाटात भरलेल्या पिकअपवर, दुसऱ्याच हाउसिंगवर ते पावणेतेरा देईल यावर मी तरी ठेव मोडणार नाही. आणि 115 हॉर्सपॉवर पायाखाली असताना तुम्ही आत्ताच्याच चालीने चालवाल, असं तुम्हालाही वाटत नसेल.

इथवर पैशांचा हिशेब झाला. खरी अडचण कागदांची आहे आणि पत्रात तिच्याबद्दल एक शब्द नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच जातीचं इंजिन आरटीओची मंजुरी घेऊन, बिलासकट बदलता येतं आणि आरसीवर नवा नंबर चढतो. दुसऱ्या मॉडेलचं, जास्त सीसीचं इंजिन त्या मुभेत बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोक दंडाचा आकडा बघतात आणि म्हणतात, पाच हजार ना, भरू. तुमची गाडी खाजगी असती तर काही वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ती मालवाहू आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग (फिटनेस तपासणी) लागतं. दरवर्षी इन्स्पेक्टर बॉनेट उघडणार आणि इंजिन नंबर बघणार. पासिंग नाही तर गाडी रस्त्यावर नाही, आणि तुम्ही तर आठवड्याला तीनदा केरीच्या चेकपोस्टवरून राज्याची हद्द ओलांडता.

विम्याचं तसंच. गाडीचं नुकसान झालं आणि सर्व्हेअरला आत दुसरंच इंजिन दिसलं तर दावा नाकारायला कंपनीला कारण शोधावं लागत नाही. घाटात कोणाला धक्का लागला तर प्रकरण अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाईल आणि तिथे न कळवलेला बदल तुमच्या विरोधात वाचला जाईल. त्या दाव्यांच्या रकमा तुमच्या ठेवीच्या मापाच्या नसतात. शिवाय उद्या विकायची वेळ आली तर आरसीशी न जुळणारी गाडी घेणार कोण? भंगारवाला घेईल, भंगाराच्या भावाने.

पत्नीचं "विकून टाका" मात्र मी आत्ता मानणार नाही. महिन्याला साधारण 23 हजार देणारी गाडी धुराच्या अवस्थेत विकली तर पडेल भाव येईल आणि दुसऱ्या दिवशी भाजी कशातून आणायची हा प्रश्न उरेल. पण त्यांचं बोट बरोबर जागी आहे. गाडी 15 वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. त्यापुढच्या पासिंगची फी केंद्राने एप्रिल 2022 पासून बरीच वाढवली आहे. या गाडीत आता फक्त तिची उरलेली वर्षं निभावण्यापुरता पैसा घालायचा.

पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबलो. खाण बंद झाल्यावर वडिलांचा टिप्पर अंगणात उभा राहिला आणि नंतर त्यांनी ही पिकअप घेतली. तिचा आवाज परत घुमला पाहिजे, असं तुम्ही लिहिलंत. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा सत्तरी-डिचोलीच्या किती अंगणांत टिप्पर उभे राहिले, ते तुम्ही माझ्याहून जवळून पाहिलं आहे. त्या गाड्यांची इंजिनं उत्तम होती. हप्ते थकले ते भाडं थांबल्यामुळे, आणि घरात दुसरी शिल्लक नव्हती त्यांचे हाल जास्त झाले. तुमची 2 लाखांची ठेव ही तशा दिवसांसाठी आहे. गाडीची हौस असणं गैर नाही. मावसभावाबरोबर एखादं जुनं इंजिन सुटं करून बांधायचं असेल तर जरूर करा, स्वतःच्या हौसेच्या पैशांतून, ज्या गाडीवर घर चालतं तिला हात न लावता. आणि ते करताना इंजिन उचलायचा चेन ब्लॉक मांगराच्या वाशाला लावू नका. दोनशे किलोंच्या वर वजन असतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड इस्पितळाचा खर्च उचलेल, घरी बसलेल्या महिन्यांची कमाई देणार नाही.

तर करायचं असं. स्कॉर्पिओच्या इंजिनाला बयाणा दिला असेल तर तो सोडून द्या. ठेव मोडू नका. बँकेत जाऊन तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मागा. ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतो आणि व्याज सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. 70 हजार घेऊन महिन्याला सहा हजार फेडलेत तर वर्षभरात साडेतीन हजारांच्या आसपास व्याज जाईल. ठेव मुदतीपर्यंत शाबूत राहील.

फेडून झालं की तेच हप्ते थांबवू नका. महिन्याला पाच हजारांची आवर्ती ठेव तीन वर्षं चालली तर साडेसहा टक्क्यांनी दोन लाखांच्या जवळ जाते. मुदत ठेव आणीबाणीसाठी बाजूला ठेवून या रकमेवर पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट होतं. बाकीच्यासाठी मुद्रा कर्ज आहे, किशोर गटात 5 लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये 10 लाखांपर्यंत. पणजीच्या ईडीसीत (गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळात) मुख्यमंत्री रोजगार योजनेचीही चौकशी करा. ही पिकअप तेव्हा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिलीत तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू गाडीच्या रोड टॅक्समध्ये 15 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा पॉलिसीत आहे ना, हे या आठवड्यातच बघा. तुमच्या घरात तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरजेचा कागद आहे.

एक अट. गॅरेजवाल्याचे 70 हजार हे न उघडता सांगितलेले आहेत. हेड काढल्यावर, लायनर आणि क्रँक मोजून झाल्यावर त्याच्याकडून लेखी आकडा घ्या, आणि तोवर एकही पार्ट विकत आणू नका. आकडा 90 हजारांच्या आत असेल तर पुढे जा. ब्लॉकला तडा निघाला किंवा लाखाच्या वर गेला तर तिथेच थांबा. मग त्याच जातीच्या बिलवाल्या इंजिनाचा भाव काढा, आरटीओत मंजुरीचं विचारा आणि दोन्ही आकडे मला पाठवा. तेही लाखाच्या वर जात असतील तर पत्नीचं ऐकायची वेळ झाली, आणि त्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने असेन.