तलाव एका उन्हाळ्यात बिघडलेला नाही

प्रश्न : आमच्या वस्तीलगत एक जुना तलाव आहे आणि गेली तीस वर्षे मी रोज सकाळी त्याच्या पाळीवर फिरायला जातो. वस्ती वाढली, गडरचे पाणी तलावात येऊ लागले, तरी पाणी बरेच दिवस नितळ दिसे. मग दोनच उन्हाळ्यांत ते हिरवे झाले आणि जलपर्णीने झाकले गेले. गेल्या वर्षी यंत्राने जलपर्णी काढली, तर महिन्याभरात पाणी आणखी हिरवे झाले. त्या दोन वर्षांत असे काय घडले? आणि साफसफाई उलटी का पडली?
— एक सेवानिवृत्त वाचक, नागपूर

उत्तर : त्या दोन वर्षांत नवे असे बहुधा काहीच घडले नसावे. बदल आपल्याला तेव्हा दिसला, एवढेच. नागपुरातील अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर हे तलाव माणसाने बांध घालून केलेले आहेत. अशा तलावाच्या उथळ भागात ऊन तळापर्यंत पोहोचते आणि तळाच्या चिखलात पाणवनस्पती रुजतात. त्या गाळ धरून ठेवतात, सांडपाण्यातील फॉस्फरस आणि नत्र (पाणी हिरवे करणाऱ्या शेवाळाचे हेच खाद्य) शोषतात आणि शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जलजीवांना माशांपासून लपायला जागा देतात. म्हणूनच सांडपाणी वर्षानुवर्षे येत राहिले तरी पाणी नितळ दिसत राहते, आणि तेवढ्यावरून तलाव ठीक आहे असा समज आपण करून घेतो. खरे तर त्या काळात तळाच्या गाळात फॉस्फरसचा साठा वाढत असतो, आणि तो पाळीवरून दिसत नाही.

मग एका टप्प्यावर शेवाळ इतके दाटते की तळाला ऊन मिळेनासे होते आणि पाणवनस्पती मरू लागतात. त्या मेल्या की गाळ मोकळा होतो, वाऱ्याने ढवळला जातो, पाणी अधिक गढूळ होते आणि उरलेल्या वनस्पतींचेही ऊन तुटते. जी साखळी कालपर्यंत तलावाला सावरत होती, तीच आता त्याला उलट्या दिशेने ढकलू लागते. वीस-पंचवीस वर्षांचे साचलेपण दोन उन्हाळ्यांत उघडे पडते ते यामुळे. विदर्भातील संत्रा बागायतदारांना हा विलंब वेगळा समजावून सांगायला नको. भाव चढला म्हणून आज लावलेले कलम चार-पाच वर्षांनी फळावर येते, आणि तेव्हा बाजारात सगळ्यांचीच फळे एकदम उतरलेली असतात.

आता साफसफाईविषयी. जलपर्णी पाण्यातील पोषकद्रव्ये ओढते, हे खरे. पण तिचे जाड आच्छादन खालच्या शेवाळाचे ऊनही अडवते. सांडपाणी चालू असताना ते आच्छादन तेवढे उचलले, तर भरपूर खाद्य आणि भरपूर ऊन अशा दोन्ही गोष्टी शेवाळाच्या हाती लागतात. (काढलेली जलपर्णी पाळीवरच कुजत ठेवली असेल, तर तिच्यातील द्रव्ये पहिल्या पावसात पुन्हा तलावात उतरली असतील. हे कितीदा पाहावे लागते!) जलपर्णी काढूच नये, असे मी म्हणत नाही; परंतु गडरचे पाणी आधी वळवल्याशिवाय केलेली सफाई मला तरी खर्चिक देखावा वाटते.

सांडपाणी आज बंद झाले तरी तलाव लगेच पूर्ववत होणार नाही. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की गाळातील लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो; म्हणजे बाहेरून येणे थांबले तरी आतून येणे चालू राहते. नेदरलँड्समधील वेलुवेमेर या उथळ सरोवराचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील पाणवनस्पती १९६० च्या दशकाच्या अखेरीस नष्ट झाल्या, आणि फॉस्फरस कमी करण्याचे उपाय होऊनही पाणी पुन्हा नितळ झाले ते १९९० च्या दशकात, तेही फॉस्फरसची पातळी बिघाडाच्या वेळी होती त्यापेक्षा बरीच खाली आणल्यावर आणि तळ उकरणारे मासे घटल्यावर. आपल्याकडे तळ उकरण्याचे हेच काम सायप्रिनस मासा करतो, त्यामुळे तलावात कोणत्या माशांचे बीज सोडले जाते हेही मासेमारी सोसायटीला विचारायला हवे.

आपण रोज पाळीवर जाताच, तर एक काम सहज करू शकाल. आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून नितळपणा मोजला होता. आपणही पांढऱ्या थाळीला वजन आणि खुणा केलेली दोरी बांधून, दर आठवड्याला एकाच जागी आणि एकाच वेळी ती सुरक्षित ठिकाणाहून पाण्यात सोडावी आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते वहीत टिपावे. मे महिन्याचे माप मागील मे महिन्याच्या मापाशीच ताडून पाहावे, कारण नागपूरच्या उन्हात पाणी आटून तेवढीच घाण थोड्या पाण्यात दाटते; आणि पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस वेगळ्या पानावर लिहावेत, कारण तेव्हाचा गढूळपणा मुख्यतः वाहून आलेल्या मातीचा असतो.