आधी विचार, या आकड्यात कोण कोण बसलंय

पत्र थोडक्यात असं : ‘मी सातारा जिल्ह्यातल्या कॉलेजात टीवायबीएला आहे. अर्थशास्त्र मुख्य विषय, जोडीला संख्याशास्त्र. माझे मामा मेलबर्नला असतात. त्यांच्या भागात व्हिएतनामी लोकांची खूप दुकानं आहेत, त्यावरून मला प्रोजेक्ट सुचला : ऑस्ट्रेलियातल्या स्कॉटिश आणि व्हिएतनामी वंशाच्या लोकांची तुलना, म्हणजे उत्पन्न, शिक्षण, घर. मी तक्ता केला तर उत्पन्नात स्कॉटिश पुढे दिसले, शिक्षणात व्हिएतनामींची मुलं पुढे. मामा म्हणतात, व्हिएतनामी कष्टाळू म्हणून मुलं वर आली. तेच मी निष्कर्षात लिहिलं. सरांनी वहीवर फक्त “का?” असं लिहून परत दिली. हे काम मला इतकं आवडलं की पुढे हेच करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, याला नोकरी कोण देणार, बँकेच्या परीक्षा दे. मी काय करू?’

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा तक्ता मी दोनदा वाचला. करिअरचं बोलण्याआधी तक्त्याचं बोलू दे, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच सापडलं.

तुझ्या सरांनी लिहिलेला ‘का?’ योग्य आहे. पण त्याच्याही आधीचा प्रश्न आहे : ‘कोण?’ तू स्कॉटिश रकाना भरलास तो वंशमुळाच्या आकड्यांवरून आणि व्हिएतनामी रकाना जन्मदेशाच्या आकड्यांवरून. दोन्ही आकडे ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेतलेच, पण प्रश्न वेगळे. पहिला विचारतो, तुम्ही स्वतःला कुठल्या मुळाचे मानता. दुसरा विचारतो, तुम्ही जन्मलात कुठे. या दोन प्रश्नांमधलं अंतर या विषयात किती मोठं आहे ते बघ. २०२१ च्या जनगणनेत सुमारे २१ लाख ७७ हजार लोकांनी आपलं मूळ स्कॉटिश सांगितलं, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के. पण प्रत्यक्ष स्कॉटलंडमध्ये जन्मलेले होते सुमारे १ लाख १८ हजार. उलट व्हिएतनामी मूळ सांगणारे सुमारे ३ लाख ३५ हजार आणि व्हिएतनाममध्ये जन्मलेले सुमारे २ लाख ५८ हजार. पहिला समूह मुख्यतः पणजोबांच्या आठवणीवर उभा आहे. दुसऱ्यातले बहुतेक लोक स्वतःच सामान घेऊन उतरलेले किंवा उतरलेल्यांची मुलं आहेत.

आणखी दोन गाठी आहेत. ऑस्ट्रेलियात एका माणसाला दोन मुळं सांगता येतात. त्यामुळे ‘इंग्लिश आणि स्कॉटिश’ असं सांगणारा माणूस दोन्हीकडे मोजला जातो. आणि व्हिएतनाममध्ये जन्मलेल्यांपैकी बरेच जण वंशाने चिनी आहेत. सायगावच्या चोलोन भागात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारी कुटुंबं १९७५ नंतर मोठ्या संख्येने बाहेर पडली. ती आपलं मूळ चिनी लिहितात. म्हणजे तुझ्या जन्मदेशाच्या रकान्यात ती आली, वंशमुळाच्या रकान्यात आली नसती.

आता वय. समजा, दोन समाज आहेत आणि दोन्हींत कामाच्या वयातला माणूस आठवड्याला १,४०० डॉलर मिळवतो, तर पासष्टीपुढचा ६००. (हे आकडे मी नुसते समजावण्यासाठी घेतले आहेत.) एका समाजात निम्मे लोक पासष्टीपुढचे, दुसऱ्यात दहा टक्के. पहिल्याची सरासरी येईल १,००० आणि दुसऱ्याची १,३२०. दोन्हीकडच्या तरुणाला आणि म्हाताऱ्याला तंतोतंत सारखे पैसे मिळतात, तरी तक्ता म्हणेल दुसरा समाज पुढे. प्रत्यक्ष स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या ऑस्ट्रेलियनांत दुसऱ्या महायुद्धानंतर दहा पौंडांच्या सवलतीच्या तिकिटावर आलेले कितीतरी जण आहेत, आता पेन्शनवर असलेले. तू दोन्ही रकाने जन्मदेशाचे घेतले असतेस तर चित्र कदाचित पालटलंही असतं. म्हणून वय सारखं करून घेतल्याशिवाय एकही वाक्य लिहायचं नाही. लोकसंख्याशास्त्रात याला प्रमाणीकरण म्हणतात, आणि तुला शिकवलेल्या भारित सरासरीपेक्षा त्यात फार काही जास्त नाही.

मामांच्या म्हणण्याकडे येते. व्हिएतनामी कुटुंबांनी कष्ट केले यात मला तिळमात्र शंका नाही. पण कष्ट हे कारण म्हणून लिहिलंस की तुला दुसरं वाक्यही लिहावं लागेल, की १९९० च्या सुमारास तीच माणसं आळशी होती. कारण त्या काळात व्हिएतनाममध्ये जन्मलेल्यांमधली बेकारी देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त होती. झालं होतं असं. ३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडली. २६ एप्रिल १९७६ ला ‘किएन जियांग’ नावाच्या नावेतून पाच जण डार्विनला पोहोचले. नावेतून थेट ऑस्ट्रेलिया गाठणारे त्या लाटेत दोन हजारांच्याच आसपास होते. बाकीचे मलेशिया, थायलंड, हाँगकाँग, इंडोनेशियाच्या निर्वासित छावण्यांतून निवड होऊन विमानाने आले. इंग्रजी येत नव्हतं, पदव्यांना किंमत नव्हती, कागदपत्रं समुद्रात गेलेली. त्यांना काम मिळालं ते मोटारींच्या, कापडाच्या, बुटांच्या कारखान्यांत, आणि बायकांना घरी बसून नगावर शिवणकाम. सिडनीत कॅब्रामॅटा, मेलबर्नला स्प्रिंगवेल आणि फुट्सक्रे इथे ती वस्ती झाली, कारण निर्वासितांची वसतिगृहं जवळ होती आणि भाडं कमी होतं. मग ऑस्ट्रेलियाने आयात जकात उतरवायला घेतली, १९९०-९१ ची मंदी आली, आणि सगळ्यात आधी बंद पडले ते नेमके हेच कारखाने. माणसं तीच, त्यांचे हात तेच. पायाखालची जमीन सरकली.

त्याच घरांतली मुलं पुढे विद्यापीठात गेली. दुसऱ्या पिढीतल्या व्हिएतनामी मुलांचं पदवीचं प्रमाण जुन्या ऑस्ट्रेलियन घरांतल्या मुलांपेक्षा जास्त आहे, हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. पण त्यात घरच्या आग्रहाबरोबर बाकीचंही मोज. ती मुलं सिडनी-मेलबर्नसारख्या शहरांत वाढली, जिथे विद्यापीठ बस-ट्रेनच्या अंतरावर आहे. स्कॉटिश मूळ सांगणाऱ्यांत लहान गावांत, शेतीवाडीवर राहणारे बरेच आहेत. शहरातल्या मुलांची तुलना शहरातल्याच मुलांशी कर आणि मग बघ किती फरक उरतो. काही उरेल असं मला वाटतं. त्या उरलेल्या फरकाला घरचं वळण, समाजाचा आधार अशी नावं द्यायला तू मोकळी आहेस. आणि याच समाजात कमी शिक्षण, कमी पगार, भाड्याचं घर असलेलेही आहेतच. कॅब्रामॅटा ज्या फेअरफिल्ड नगरपालिकेत येतं ती सिडनीतल्या सगळ्यात वंचित भागांत मोडते. सरासरीत ही माणसं दिसत नाहीत, म्हणून सरासरीशेजारी मध्यक (रांगेतल्या अगदी मधल्या माणसाचा आकडा) लिही आणि तळाच्या पंचवीस टक्क्यांचं काय झालं तेही लिही.

स्कॉटिश बाजूचा इतिहास तू एका ओळीत उरकलास, ‘आधीपासून सुस्थितीत’. हे मला खटकलं. १८५२ ते १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या हायलँड्‌स या डोंगराळ भागातून आणि बेटांवरून जवळपास पाच हजार माणसांना एका सोसायटीने जहाजांत बसवून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. जमीनदारांना मेंढ्यांसाठी जमीन हवी होती, बटाट्याचं पीक कुजलं होतं, घरांत खायला नव्हतं. अनेकांना इंग्रजी नाही, फक्त त्यांची गेलिक भाषा येत होती. अँड्र्यू फिशर स्कॉटलंडमधल्या एअरशायरच्या क्रॉसहाउस गावातला, लहानपणी कोळशाच्या खाणीत उतरलेला. १८८५ मध्ये क्वीन्सलँडला आला आणि १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. तेवीस वर्षांत! तोही कष्टाळूच होता. पण तो ब्रिटिश साम्राज्याचा माणूस होता, त्याला दारात कोणी अडवलं नाही. १९०१ च्या कायद्याने आशियाई माणसाला मात्र दारातच श्रुतलेखनाची परीक्षा ठेवली, तीही अधिकाऱ्याच्या मर्जीतल्या कुठल्याही युरोपीय भाषेत. ते ‘गोरे ऑस्ट्रेलिया’ धोरण पूर्ण संपायला १९७३ उजाडलं. म्हणजे एका समाजाला जम बसवायला दीड-दोनशे वर्षं मिळाली आणि दुसऱ्याला पन्नास.

आणि जमीन. तुझ्या ‘घर’ या रकान्यात वारशाने आलेली मालमत्ता लपलेली आहे. ती कुठून आली हे विचारायला हवं. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून आलेला अँगस मॅकमिलन व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँडचा शोधक म्हणून गौरवला गेला. तिथल्या गुनाईकुर्नाई या मूळ रहिवाशांच्या कत्तलींशी त्याचं नाव जोडलेलं आहे, त्यांतली एक १८४३ मधली वॉरिगल क्रीकची. त्याच्या नावाचा संसदीय मतदारसंघ होता, त्याचं नाव २०१८ मध्ये बदललं. ज्यांना स्वतःच्या देशात मेंढ्यांसाठी हाकललं गेलं, त्यांच्यातल्याच काहींनी ऑस्ट्रेलियात मेंढ्यांसाठी दुसऱ्यांना हाकललं. तुझा प्रोजेक्ट दोनच समाजांचा आहे, तरी या तिसऱ्या समाजाचा उल्लेख केल्याशिवाय संपवू नकोस. हे मी मार्कांसाठी सांगत नाही.

एक गोष्ट तुला आवडेल. छावण्यांतल्या व्हिएतनामींसाठी दार उघडणारे पंतप्रधान माल्कम फ्रेझर स्वतः स्कॉटिश वंशाचे, मोठ्या मेंढपाळ घराण्यातले. आणि १९७७ मध्ये नावेतून डार्विनला आलेले ह्यू व्हॅन ले २०१४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. तुझ्या तक्त्याचे दोन रकाने असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

मामांना एक प्रश्न विचार, अगदी आदराने : तुम्ही कुठल्या व्हिसावर आलात? बहुधा कौशल्याच्या, गुण मोजून देतात त्या. २०२१ मध्ये भारतात जन्मलेले सुमारे ६ लाख ७३ हजार लोक ऑस्ट्रेलियात होते आणि त्यांतले पुष्कळ जण शिक्षण, वय, इंग्रजी तपासूनच आत घेतलेले किंवा शिकायला येऊन राहिलेले. ‘भारतीय पुढे आहेत’ असं जे आपण कौतुकाने म्हणतो, त्यात त्या चाळणीचा वाटा मोठा आहे. निर्वासिताला तसं चाळलेलं नसतं. आता तर व्हिएतनामहूनही विद्यार्थी आणि कुशल कामगार येतात. म्हणजे ‘व्हिएतनामी’ या एकाच शब्दाखाली १९७९ ची शिवणकाम करणारी आजी आणि २०१९ चा संगणक अभियंता शेजारी बसलेत. आगमनाचं वर्ष वेगळं काढ. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी ब्युरोचं टेबलबिल्डर नावाचं साधन नोंदणी करून वापरता येतं. त्यात वय, आईवडिलांचा जन्मदेश, आगमनाचं वर्ष, इंग्रजी कितपत येतं, उत्पन्नाचा गट हे सगळं एकमेकांवर ताडून पाहता येतं.

आता करिअर. बाबांची काळजी खरी आहे आणि तिला उत्तर आहे. तुझ्याकडे पदवीला संख्याशास्त्र हा विषय आहे, म्हणून तू भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला बसू शकतेस. ती यूपीएससी घेते, वयोमर्यादा साधारण २१ ते ३०. बाबांना ‘यूपीएससी’ हा शब्द आधी सांग, बाकीचं मग. भारतीय अर्थ सेवेसाठी मात्र अर्थशास्त्रात एमए लागतं, ते नंतर बघता येईल.

माझं मत विचारशील तर एमए किंवा एमएस्सी लोकसंख्याशास्त्रात कर. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच बघते, त्यामुळे खऱ्या घरांतून आलेले कच्चे आकडे तिथे हाताळायला मिळतात. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्र करून तिथल्या लोकसंख्या संशोधन केंद्राच्या कामाजवळ राहता येईल. प्रवेशपरीक्षेचे नियम दर वर्षी बदलतात, ते संस्थांच्या संकेतस्थळांवरच बघ. ऑस्ट्रेलियात मास्टर्स करायचं आत्ता डोक्यातून काढ. विषय तिथला आहे म्हणून शिक्षणही तिथेच घ्यायला हवं असं नाही. पीएचडीला शिष्यवृत्ती मिळाली तर जा, कर्ज काढून नको.

‘आर’ ही संगणकभाषा आजपासून शिक. ती फुकट आहे. मग १९७३ मध्ये ओहाका आणि ब्लाइंडर या दोन अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळी मांडलेली पद्धत वाच. दोन गटांच्या पगारातल्या फरकाचा किती भाग वय, शिक्षण, अनुभव यांनी समजतो आणि किती समजत नाही, ते ती वेगळं करते. न समजलेला भाग म्हणजे भेदभावच, अशी घाई मात्र करू नकोस.

या कामाला आपल्याकडे मागणी येणार आहे. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ आहे आणि तीत सगळ्या जातींची नोंद होणार आहे. १९३१ नंतर जनगणनेतून असे आकडे छापले गेलेले नाहीत. ते आले की अमुक जात पुढे, तमुक मागे, असे तक्ते रोज फिरतील. तुझ्या पहिल्या तक्त्यासारखेच, वय न बघता, गाव-शहर न बघता, जमीन कोणाच्या नावावर होती हे न विचारता. त्या वेळी ‘थांबा, यात कोण कोण मोजलंय?’ असं विचारणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत लागतील. मला मनापासून वाटतं, त्यांत तू असावंस.

बँकेची परीक्षा यंदा देऊन टाक. अभ्यासाचं गणित वाया जात नाही आणि बाबांना धीर येतो. पण सोबत दोन वर्षांची मुदत मागून घे, मास्टर्स आणि सांख्यिकी सेवेचा एक प्रयत्न यांच्यासाठी. बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर त्यांनी जरूर बोलावं.

तोवर नवा तक्ता पाठव. दोन्ही रकाने वंशमुळाचे, वय २५ ते ४४, फक्त मेलबर्न, आणि व्हिएतनामी रकान्याचे दोन भाग : व्हिएतनाममध्ये जन्मलेले, ऑस्ट्रेलियात जन्मलेले. निष्कर्ष अजून लिहू नकोस.

तुझी,
करिअर मार्गदर्शक