वाचकांचे प्रश्न: हळदीची पट्टी, जास्वंदीचं पाणी आणि बोअरचा सामू

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली): मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी हळदीच्या पट्ट्या केल्या. साबणाच्या पाण्यात लाल झाल्या. पण लिंबू, दही आणि चिंचेच्या कोळात पिवळ्याच राहिल्या. हळद घरच्या शेतातली आहे. कुठे चुकलं?

उत्तर: हळदही चांगली आणि पट्टीही. सामू, म्हणजे पीएच, सातच्या खाली तर आम्ल, वर तर आम्लारी. हळदीतल्या कर्क्युमिन या रंगद्रव्याचा रंग सामू साडेसातच्या आसपास बदलायला लागतो आणि साडेआठच्या पुढे नीट तांबडा दिसतो. त्याखाली सामू सात असो की दोन, पट्टी पिवळीच. हळद फक्त आम्लारी दाखवते. तिच्याकडूनच आम्ल ओळखून घ्यायचं असेल, तर पट्टी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लाल करा, वाळवा आणि वर लिंबाचा थेंब टाका. तेवढा ठिपका पुन्हा पिवळा होईल.

पण दोन्ही बाजू बघायच्या तर जास्वंद बरी. गडद लाल, एकेरी पाकळ्यांची दहा-बारा फुलं घ्या. देठ, हिरवा भाग आणि मधला दांडा काढून टाका. पाकळ्यांवर कपभर उकळतं पाणी ओता, वीस मिनिटं झाकून ठेवा, गाळा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं हवं. लोखंड-ॲल्युमिनियमने रंग बिघडतो. पाणी बोअरचं नको. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे अर्क सुरुवातीलाच निळसर होतो आणि मग दह्याने काय बदललं ते कळत नाही. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा.

पांढऱ्या वाट्यांत दोन-दोन चमचे अर्क घ्या आणि प्रत्येकीत तपासायच्या द्रवाचे दहा थेंब टाका. एका वाटीत नुसतं आरओचं पाणी घालून ती तुलनेला बाजूला ठेवा. लिंबाने (सामू 2 ते 2.5) अर्क भडक गुलाबी-लाल होतो. दह्याने (4 ते 4.5) फिकट गुलाबी होतो, तेही दुधाळपणामुळे पुसट दिसतं, म्हणून दह्याची वरची निवळी घ्या. खाण्याच्या सोड्याने (8.3 च्या आसपास) निळसर-हिरवट आणि धुण्याच्या सोड्याने (11 च्या आसपास) हिरवा. अर्क फ्रिजमध्ये फार तर दोन दिवस टिकतो, नंतर आंबतो.

पट्ट्यांसाठी फिल्टर पेपर किंवा टीपकागद लागतो. वहीच्या कागदात बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं, त्यामुळे जास्वंदीची पट्टी वाळतानाच निळी पडते. पुष्कळ प्रकल्प इथेच फसतात आणि दोष फुलाला मिळतो! हळद पाण्यात नीट विरघळत नाही. चमचाभर हळद पाव कप स्पिरिटमध्ये कालवून गाळा. गॅसपासून लांब.

प्रश्न (केज, जि. बीड): आमच्या बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. विकतच्या पट्टीवर सामू मात्र साडेसातच. पट्टी खराब आहे का?

उत्तर: पट्टी बरोबर असेल. फेस अडवतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सामू ही वेगळी मोजणी. जमिनीत मुरणारं पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं, काळ्या पाषाणातली ही द्रव्यं विरघळवतं आणि पाण्यात बायकार्बोनेट साठतं. सामू मग साडेसात-आठच्या आसपास अडून बसतो, पाणी कितीही जड असलं तरी. एक करून बघा: त्याच पाण्याचा सामू मोटार चालू असताना मोजा आणि उकळून गार केल्यावर पुन्हा मोजा. दुसरा आकडा बहुधा वर जातो, कारण वायू निघून जातो. तळाशी बसतो तो पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सामू 6.5 ते 8.5 आणि कठीणपणा (जडपणा) लिटरला 200 मिलिग्रॅम चालतो. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत. फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र कुठल्याच सामू-पट्टीवर दिसत नाहीत. त्यासाठी नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या.

प्रश्न (औसा, जि. लातूर): सामू मोजायच्या डिजिटल पेनचा आकडा आरओच्या पाण्यात स्थिरच होत नाही.

उत्तर: त्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पेनला पकड मिळत नाही, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून आकडा खाली सरकतो. पेन तपासायचा तर सोबतच्या 6.86 आणि 4.01 सामूच्या पुड्या सांगितलेल्या मापाने डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून त्यांत. पेनच्या टोकाचा काचेचा फुगा कोरडा पडू देऊ नका. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण ठेवा, डिस्टिल्ड पाणी नको. दह्यानंतर लगेच धुवा, नाहीतर साय चिकटून पुढचे सगळे आकडे दह्याचेच येतील.

प्रश्न (परतूर, जि. जालना): कपड्यांच्या ब्लीचमध्ये पट्टी क्षणभर बदलली आणि पांढरी पडली. हे आम्ल की आम्लारी?

उत्तर: आम्लारी. क्षणभर दिसला तो रंग खरा. नंतर ब्लीचने रंगद्रव्यच खाल्लं. ब्लीचची वाटी धुतल्याशिवाय तिच्यात लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ही चाचणी मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून करावी.