हवामानाचं पेज चालवणारी मुलगी बीएस्सी सोडू का म्हणतेय

पत्र: मॅडम नमस्कार, आम्ही लातूर जिल्ह्यातले, औसा तालुका. मुलगी एसवाय बीएस्सीला आहे, फिजिक्स आणि मॅथ्स. दीड वर्षापासून ती इन्स्टाग्रामवर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवामानाचे मेसेज टाकते, हवामान खात्याचं बघून आपल्या भाषेत सांगते. गच्चीवर प्लास्टिकची बाटली कापून पाऊस मोजायचं केलंय, वहीत रोज लिहिते. पण मागच्या महिन्यात तिने ‘जिल्ह्यात अतिवृष्टी होणार’ असं रील टाकलं, गावातल्या चार-पाच जणांनी सोयाबीन काढायला आलेले मजूर परत पाठवले आणि आमच्याकडे थेंब पडला नाही. लोक घरी येऊन बोलून गेले. तिचे बाबा म्हणतात पेज बंद कर. ती म्हणते मला हवामान खात्याचं सोशल मीडियाच सांभाळायचंय, म्हणून बीएस्सी सोडून सोशल मीडियाचा एक वर्षाचा कोर्स करते, फी पंच्याऐंशी हजार. अशी नोकरी खरंच असते का?

उत्तर:

ताई, नमस्कार. आधी पैशाचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. पंच्याऐंशी हजार भरू नका आणि बीएस्सी तर अजिबात सोडू देऊ नका. लेकीला जे काम करायचंय ते खरं आहे, महत्त्वाचं आहे, पण त्या कामाचा दरवाजा नेमका तोच आहे जो ती बंद करायला निघालीय.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हवामान खात्यात शास्त्रज्ञ अंदाज काढतात आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी दुसरंच बसून त्याची छान पोस्ट बनवून टाकतं. तसं नसतं हो. पावसाळ्यात संध्याकाळी मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतं ना, ‘पुढील तीन तासांत अमुक जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मध्यम स्वरूपाचा पाऊस, वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४० किमी’, त्याला नाऊकास्ट म्हणतात, आणि तो लिहिणारा माणूस रडार आणि सॅटेलाइटचं चित्र समोर ठेवून ढग कुठून कुठे सरकतायत ते बघून लिहितो. ढग दीड-दोन तासांत विरून जातो, मग लिहिणाऱ्याने आधी शास्त्रज्ञाला विचारा, मग डिझाइन करा, मग साहेबांची सही घ्या असं करत बसायला वेळच कुठे असतो. तुम्ही मराठी पेपर वाचत असाल तर के. एस. होसाळीकर हे नाव नक्की वाचलं असेल, कारण पाऊस म्हटला की त्यांचं ट्विट बातमीत यायचंच. ते हवामान खात्याचे मोठे अधिकारी, आधी मुंबईत आणि नंतर पुण्यात, आणि मराठीत स्वतः लिहायचे. लोकांना ते नाव माहीत झालं ते शास्त्रज्ञ सोप्या भाषेत बोलला म्हणून, आणि मागे अभ्यास होता म्हणून ते बोलणं टिकलं.

आता लेकीची चूक. ताई, हे जरा सविस्तर लिहिते कारण तिचं सगळं करिअर या एका रीलमध्ये दडलंय असं मला पत्र वाचताना वाटलं.

तिने खात्याचं जे बुलेटिन बघितलं असेल त्यात बहुतेक ‘तुरळक ठिकाणी’ असा शब्द असणार. आपण तो वाचतो आणि सोडून देतो, बोलायची पद्धत असेल म्हणून. पण त्या शब्दाला माप आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे पाव ते निम्मी, अनेक ठिकाणी म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त पण पाऊणपर्यंत, आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याच्याही वर. म्हणजे तुरळक ठिकाणी लिहिलं असेल तर चारातली तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबर. शेजारच्या तालुक्यात पडला आणि तुमच्याकडे नाही असं तुम्ही स्वतःच मला फोनवर सांगितलंत, मग बघा, खातं चुकलं नव्हतं. खात्याचा शब्द लेकीच्या रीलमध्ये पोचेपर्यंत बदलला, ‘तुरळक ठिकाणी’ गळालं आणि ‘जिल्ह्यात’ उरलं, आणि तेवढ्यानं मजूर परत गेले.

दुसरा शब्द अतिवृष्टी. आपल्याकडे अतिवृष्टी म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर तलाठी आणि पंचनामा येतो, कारण महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की तो सरकारी हिशोबात अतिवृष्टी. हवामान खातं मुसळधार म्हणतं ते ६४.५ पासून ११५.५ पर्यंत, त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार, आणि त्याच्याही वर गेला तर अत्यंत मुसळधार. ऑरेंज अलर्टचा फोटो बघून थेट अतिवृष्टी लिहिलं की झालं, रंगाचा मिलिमीटर केला. आणि रंग म्हणजे मिलिमीटर नव्हेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे आता कृती करा. किती शक्यता आहे आणि झालं तर नुकसान किती, दोन्ही बघून रंग ठरतो. त्यामुळे तेवढ्याच पावसाला मुंबईसारख्या शहरात एक रंग आणि उघड्या माळरानावर दुसरा असं होऊ शकतं.

तिसरी गोष्ट तिच्या लक्षात आली नसेल कारण ती वयानं लहान आहे आणि रोज फोनवरच असते. इन्स्टाग्राम काही वेळेप्रमाणे दाखवत नाही. दुपारी चारला टाकलेला तीन तासांचा अंदाज कुणाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. व्हॉट्सॲपवर तर दोन वर्षांपूर्वीचा रेड अलर्टचा फोटो दर जूनमध्ये फिरत असतो, तारीख कापलेली असते. म्हणून खात्याच्या चांगल्या पोस्टवर बघा, कधी काढला आणि कधीपर्यंत लागू हे लिहिलेलं असतं. लेकीला सांगा, तिचा फोटो, तिचं नाव, म्युझिक सगळं नंतर, आधी मोठ्या अक्षरात फोटोवरच तारीख आणि ‘दुपारी १ ते ४’ लिही. खाली कॅप्शनमध्ये नको, फॉरवर्ड करताना कॅप्शन गळतं.

एवढं वाचून कळलं असेल की मी बीएस्सी सोडू नको का म्हणतेय. हे सगळं कोणत्याही सोशल मीडियाच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. तिथे शिकवतात पहिल्या तीन सेकंदात माणसाला कसं पकडायचं, आणि हवामानात पहिल्या तीन सेकंदात घाबरवून पकडलं तर काय होतं ते तुमच्या गावानं बघितलंय.

माझं माहेर दापोलीकडचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी पुण्यात लॉकडाऊनमध्ये अडकलेली. हवामान खात्याचे मेसेज आदल्या दिवसापासून मोबाइलवर धडाधड येत होते, भावाने ते वाचून गोठ्यातली जनावरं शाळेच्या पडवीत नेऊन बांधली, आईला पक्क्या घरात हलवलं, पत्र्यांवर दगड आणि दोऱ्या. गोठा गेला, जनावरं वाचली. आणि मग वादळ लागल्यावर टॉवर पडले, लाइट गेली, कित्येक दिवस आमचा एकमेकांशी संपर्कच नाही. त्या दिवसांत मला दोन्ही कळलं, वेळेत आलेल्या चार ओळी काय करू शकतात ते, आणि फोन बंद पडला की त्या ओळींचा काही उपयोग नसतो तेही. म्हणून किनाऱ्यावर अजून भोंगा फिरवतात, ग्रामपंचायत दवंडी देते, ते जुनं झालं म्हणून सोडून चालत नाही. तुमच्या भागात वादळ नाही पण वीज आहे. वळवाच्या पावसात रानात झाडाखाली उभी राहिलेली माणसं मराठवाड्यात दरवर्षी जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने त्यासाठी दामिनी ॲप केलंय, आपल्या जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते सांगतं. लेकीने गावातल्या पन्नास फोनमध्ये ते स्वतः घालून दिलं ना, तर शंभर रील्सचं काम होईल.

जरा मागचं सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला त्याच दिवशी ७५ सुद्धा नाही. एकाच मुंबईत. तेव्हा ट्विटर नावाची गोष्टच नव्हती, ती आली २००६ ला. लोक ऑफिसातून निघाले, गाड्यांमध्ये अडकले, पाणी वाढतंय हे सांगायला कुणी नव्हतं. आज तसा पाऊस झाला तर दर तीन तासांनी काहीतरी हातात येईल. हा फरक माणसांनी केलाय, आणि त्या माणसांवर ‘हवामान खात्याने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवा’ असे विनोद अजून होतात, मला ते ऐकवत नाहीत आता.

बरं, आता रस्ता. भारतीय हवामान खातं १८७५ चं, त्यात पदवीनंतर जायचं सर्वांत सरळ दार म्हणजे सायंटिफिक असिस्टंट. परीक्षा एसएससी घेते, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशन, आपली दहावी नव्हे. फिजिक्स घेऊन बीएस्सी चालते, फर्स्ट क्लास पाहिजे, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही पाहिजेत. तुमच्या लेकीकडे हे सगळं आहे, फक्त फर्स्ट क्लास टिकवायचा. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, २०१७ ला ११०२ जागांची जाहिरात आली आणि त्यानंतरची मोठी जाहिरात २०२२ ला, ९९० जागा. मधे पाच वर्षं. त्यामुळे फक्त त्या एका परीक्षेच्या भरवशावर पुण्यात रूम घेऊन पोरगी बसवू नका, मी अशी खूप मुलं बघितलीत, वय निघून जातं. आणि दोन्ही जाहिरातींत पद सायंटिफिक असिस्टंटचंच होतं, सोशल मीडियाचं म्हणून वेगळं पद नव्हतं. जो ऑब्झर्व्हेशन घेतो, चार्ट लावतो, तोच पुढे लोकांशी बोलतो.

म्हणून परीक्षेची तयारी सुरू ठेवून एमएस्सी करू दे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, तिथून पाषाणला आयआयटीएम जवळ, शिवाजीनगरला खुद्द हवामान खातं. पुण्यात शिकायचा फायदा हाच, पुस्तकातली माणसं चहाच्या टपरीवर भेटतात. कोचीनला कुसॅट विद्यापीठात मेटिऑरॉलॉजीची, म्हणजे हवामानशास्त्राची, एमएस्सी आहे पण घरापासून लांब, तुमचं तुम्ही ठरवा. पुढे रिसर्चकडे वळली तर सीएसआयआर नेट या संशोधनासाठीच्या परीक्षेत अर्थ सायन्सेसचा पेपर आहे, त्यात हवामान येतं. आणि सरकारी झालं नाही तरी हात रिकामे राहत नाहीत, आता पीक विमा, खासगी हवामान कंपन्या, जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन, न्यूज चॅनल, सगळ्यांना हवामान कळणारा आणि मराठीत नीट सांगता येणारा माणूस हवाय. त्यातला पहिला अर्धा भाग डिग्री देते. दुसरा अर्धा तिच्याकडे आत्ताच आहे, ही मोठी गोष्ट आहे ताई, आमच्याकडे येणाऱ्या हुशार हुशार पोरांना आपल्या आजीला कळेल अशी दोन वाक्यं लिहिता येत नाहीत.

लेखनाची बाजू पक्की करायची हौस असेल तर एमएस्सीनंतर रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारिता करू दे, नंतर, आत्ता नाही. व्हिडिओ एडिटिंग तिला फोनवर येतंच, त्याला पंच्याऐंशी हजार कशाला.

पेजचं काय करायचं, तर बंद करू नका. तिच्या बाबांचा राग मला कळतो, गावात मान खाली गेली. पण पेज बंद केलं तर लोकांच्या डोक्यात तेवढंच राहील की पोरीनं खोटं सांगितलं. आधी एक साधं रील करू दे, मी ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द वगळला, त्याचा अर्थ असा असतो, चूक माझी होती. ज्यांचे मजूर परत गेले त्यांच्या घरी जाऊन तिने स्वतः सांगावं, बाबा सोबत गेले तर उत्तम. त्यानंतर नियम एकच, स्वतःचा अंदाज सांगायचा नाही, खात्याचा जसा आहे तसा द्यायचा, मूळ पोस्ट जोडायची, आणि अवघड शब्दाचा अर्थ खाली आपल्या बोलीत. दुसऱ्या दिवशी काय झालं तेही टाकायचं, बरोबर आलं तरी आणि नाही आलं तरी. हे फार कमी लोक करतात.

तिची ती बाटली मला फार आवडली. फक्त तिला विचारा, पाऊस किती वाजता मोजतेस. खातं सकाळी साडेआठला मोजतं, साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा २४ तासांचा हिशोब. तिने पण तीच वेळ धरली तर तिच्या वहीतले आकडे तुमच्या मंडळातल्या केंद्राच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. महावेध योजनेत राज्यभर महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं बसवलीत, तिने तुमच्या मंडळातलं शोधून बघावं. बाटलीचं तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं हवं, नाहीतर माप चुकतं.

आणि २३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो, तेव्हा पुण्याचं हवामान खात्याचं ऑफिस लोकांना बघायला उघडं ठेवतात. शिवाजीनगरला उतरून रिक्षावाल्याला सिमला ऑफिस म्हणा, तो बरोबर नेईल, खातं १९२८ ला सिमल्याहून पुण्यात आलं तेव्हापासून लोकांनी तेच नाव धरलंय. तिला आणि तिच्या बाबांना दोघांना पाठवा, वही बरोबर द्या. तिथले लोक बोलके आहेत, बाबांनीही विचारू दे, सोयाबीनच्या वेळी नेमकं काय झालं होतं ते.