चालू हप्त्यावरचा ट्रक आणि माझे तेरा महिने

भाऊ, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. नऊ वर्षं एकाच मालकाकडे स्टेअरिंगवर. आता मालक म्हणतो गाडी तूच घे, चार लाख रोख दे, राहिलेले अठरा हप्ते तू भर, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो. आणि तुमचा बेत असा, की सकाळी दोन तास गावातल्या पोरांना गाडी शिकवायची आणि मग दिवसभर सिमेंटच्या खेपा मारायच्या. घाटंजीच्या जागी वणी लिहा, चारच्या जागी साडेतीन लाख आणि अठराच्या जागी सव्वीस हप्ते लिहा. २०१८ च्या दिवाळीतली माझीच गोष्ट होते ती.

इंजिन कसं ऐकायचं, पाटे कसे बघायचे, डिझेलचा हिशोब कसा धरायचा, हे सांगत बसत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. मी फक्त त्या स्टॅम्पपेपरबद्दल लिहितो.

माझी गाडी २०१३ ची दहाचाकी. मालक माणूस म्हणून वाईट नव्हता, आजही म्हणणार नाही. मी कागदाचा विषय काढला तर म्हणाला, "तुह्या-माह्यात कागद कायले पायजे बापा? गाडी तं तुह्याच जवळ हाये!" मी मान हलवली. नोटरीकडे जाऊन लिहून घेतलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, गाडी नावावर करायच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर त्याच्या कोऱ्या सह्या घेऊन ठेवल्या आणि स्वतःला लई हुशार समजलो. घरी पेढे नेले. बाबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "सातबारा पाह्यल्याबिगर कोनी वावर घेते का लेका? बोजा कोनाचा हाये ते पाह्यलं?" मी हसलो. म्हटलं, बोजा आहेच, तोच तर फेडतोय.

बाबांचा प्रश्न कर्ज आहे की नाही असा नव्हता. बोजा नक्की कशाकशाचा आहे, असा होता. हे समजायला मला पावणेतीन वर्षं लागली.

सगळे हप्ते मी भरले, एकही चुकवला नाही. मधे २०२० चा लॉकडाऊन आला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. त्याचे मेसेज कोणाच्या मोबाइलवर गेले? कर्जदाराच्या, म्हणजे जुन्या मालकाच्या. त्याने ते वाचले नाहीत, मला कोणी सांगितलं नाही. सहा महिने हप्ते गेले नाहीत तेव्हा मला वाटलं सरकारने सूट दिली. व्याज मात्र चालूच होतं. डिसेंबर २०२० ला संपणारं कर्ज जुलै २०२१ ला संपलं, तेही वरचं व्याज भरून. त्याचंही दुःख नाही.

दुःख पुढचं. शेवटचा हप्ता भरला, पावती घेतली आणि एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा ना-हरकत दाखला, मागायला फायनान्सच्या शाखेत गेलो. नाव घेत नाही. आमच्याकडचे ड्रायव्हर ओळखतील, बाकीच्यांनी ओळखायची गरज नाही. पहिल्या वेळी उत्तर, "सिस्टममध्ये अजून बंद दिसत नाही, पंधरा दिवसांनी या." पंधरा दिवसांनी, "नागपूरला मेल केला आहे." मग मॅनेजर बदलला. नवा म्हणाला, "कर्जदार कुठे आहे? तुम्ही कोण?" स्टॅम्पपेपर दाखवला. त्याने तो उलटासुलटा करून परत दिला आणि म्हणाला, "हा तुमच्या दोघांतला मामला आहे, आमचा नाही." रागाने तेव्हा कानशिलं तापली होती, पण आज सांगतो, त्या शाखेत कोणी एक वाक्य खरं बोललं असेल तर ते तेच.

तेरा महिन्यांत मी त्या शाखेच्या एकवीस चकरा मारल्या. डायरीत लिहून ठेवल्या आहेत. तीन मॅनेजर झाले. सहाव्या की सातव्या चकरेला काउंटरवरच्या एका पोरीला दया आली. तिने स्टेटमेंट काढलं आणि पेनाने एका ओळीला गोल केला. मालक आपल्या साळ्याच्या ट्रॅक्टरला त्याच कंपनीत जामीनदार होता. ट्रॅक्टरचे हप्ते थकले होते. म्हणून ट्रकचं कर्ज फिटूनही ट्रकची एनओसी अडकली. कर्जाच्या करारात तसं कलम असतं, बारीक अक्षरात. तो करार मी कधी पाहिलाच नव्हता, कारण तो माझा नव्हताच. हीच गोष्ट पहिल्या दिवशी कोणी दोन वाक्यांत सांगितली असती तर माझे निदान चार महिने वाचले असते. पण काउंटरमागे बसलेल्याला समोरच्याचे महिने दिसत नाहीत, त्याला लंच टाइम दिसतो. जाऊ द्या.

तक्रार करायची तर कुठे करायची? नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेची लोकपालाची एकत्रित योजना आली, फायनान्स कंपन्याही तिच्यात आहेत. पुतण्याने ऑनलाइन अर्ज भरून दिला. पण तक्रार ग्राहकाने करायची असते, आणि ग्राहक तर मालक! पैसे माझे, घाम माझा, गाडी माझ्या दारात, आणि कागदावर मी कोणीच नव्हतो.

त्याच नोव्हेंबरात गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस, संपलं. आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस करावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहेच. अर्ज भरायला गेलो तर ओटीपी मालकाच्या नंबरवर जाणार. तो नंबर बंद, मालक पोराकडे भिवंडीला निघून गेलेला. बिनापासिंगची गाडी कोळशाच्या लाइनवर घालायची माझी हिंमत झाली नाही. काही जण घालतात. ठोकली तर विमा कंपनीशी भांडायचं कोणी? गाडी घरामागे निंबाखाली उभी केली. नऊ महिने. बॅटरी गेली, दोन टायर बसून फुगले, उंदरांनी केबिनखालची वायरिंग खाल्ली. चालवून गाडी जेवढी झिजत नाही तेवढी उभी राहून कुजते.

शेवटी सुटलं कसं, ते सांगतो, कारण ते तुमच्या मालकालाही सांगता येईल. कोर्टाच्या कामाला जाणारा एक ओळखीचा म्हणाला, तू मालकाला विनंती करू नको, त्याला त्याची भीती दाखव. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं आहे, की गाडी कितीही हातांतून विकली गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर. मी भिवंडीला गेलो. पोराच्या घरी चहा घेतला आणि शांतपणे म्हटलं, "भाऊ, उद्या ह्या गाडीखाली कोनी आलं, तं नोटीस माह्या घरी नाही येणार, तुमच्या घरी येईन." चौथ्या दिवशी माणूस वणीत हजर. साळ्याच्या ट्रॅक्टरची तडजोड ८५ हजारांत झाली. त्यातले ४० हजार मीच दिले. द्यायला नको होते, पण तोवर मी थकलो होतो. ऑगस्ट २०२२ ला एनओसी हातात आली.

तर माझं मत ऐका. मी वकील नाही, सीए नाही, आरटीओचा एजंट तर मुळीच नाही. नियम बदलत असतात, तुमच्या तालुक्यात विचारून घ्या. पण स्टॅम्पपेपरवर गाडी घेऊ नका. पाचशेचा असो की हजाराचा, त्याने गाडी नावावर होत नाही. मालकाला सोबत घेऊन शाखेत जा. आज कर्ज पूर्ण बंद करायला किती लागतात ते लेखी घ्या, आणि त्याच अर्जात विचारा, की ह्या ग्राहकाचं दुसरं कर्ज किंवा जामीनकी आहे का. तोंडी उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. चार लाख मालकाच्या हातात ठेवू नका, थेट त्या कर्जाच्या खात्यात भरा. उरलेल्या रकमेसाठी तुमच्या नावावर जुन्या गाडीचं कर्ज काढा. व्याज जास्त पडेल, मला माहीत आहे, माझा मेहुणा ह्यावरून माझ्याशी भांडतो. पडू द्या. निदान कर्ज तुमच्या नावावर असेल, मेसेज तुमच्या मोबाइलवर येतील, मॅनेजर तुम्हाला "तुम्ही कोण" विचारणार नाही. मालकाचे थोडे पैसे आरसी बुक तुमच्या नावावर होईपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. विम्यावरचं नाव गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत बदलायला द्या, हे बहुतेक जण विसरतात. त्याआधी सरकारच्या एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून बोजा, फिटनेस, विमा बघा. थकलेले चलान आणि पर्यावरण कर मालकाकडून वसूल करा, ते तुमच्या गळ्यात येऊ देऊ नका.

आता शिकवण्याचं. तुमचा बेत चांगला आहे, पण एका गाडीत दोन्ही होणार नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी फक्त शिकवण्यासाठीच लागते आणि तिला डबल कंट्रोल पाहिजे. सकाळी एल पाटी लावायची आणि दुपारी गडचांदूरहून सिमेंट भरायचं, हे नियमात बसत नाही. स्कूलच्या लायसन्सशिवाय "सहज शिकवतो" म्हणून सुरू केलं आणि पोराने कोणाच्या बैलबंडीला धडक दिली, तर काय होईल ते तुम्हीच बघा. शिकवणाऱ्याला दहावी पास, पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचं सर्टिफिकेट लागतं. मी दहावी नापास होतो, पुन्हा परीक्षा देऊन पास झालो, मग आयटीआय केलं. सगळे म्हणायचे, कायले करतं, ड्रायव्हरच तर होणार. गाडी निंबाखाली उभी होती तेव्हा त्याच सर्टिफिकेटवर एका स्कूलमध्ये लागलो आणि घर चाललं. आता माझं स्वतःचं छोटं स्कूल आहे, एक कार आणि एक जुनी सहाचाकी. तुमच्याकडे सर्टिफिकेट नसेल तर ज्याच्याकडे आहे असा माणूस ठेवता येतो, पण मग महिन्याला त्याचा पगार आधी निघाला पाहिजे. आपल्याकडे जून-जुलैत पेरणी, एकही पोर येत नाही. कापूस विकून पैसा हातात आला की डिसेंबरपासून गर्दी. सहा महिने कमवायचं आणि बारा महिने पुरवायचं, हा हिशोब आधीच मांडा.

आणखी एक. हेवी गाडीच्या लायसन्ससाठी तीस दिवस आणि प्रत्यक्ष पंधरा तास गाडी चालवून घेणं बंधनकारक आहे. पाच नंबरचा फॉर्म, म्हणजे शिकवल्याचा दाखला, फक्त सही करून द्या, दोन हजार घ्या, असं म्हणणारे पहिल्याच महिन्यात तुमच्या दारात येतील, त्यात नातेवाईकही असतील. मी देत नाही. दोन मावसभाऊ त्यामुळे माझ्याशी बोलत नाहीत. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारं पोर एकदा शेजारच्या सीटवर बसलेलं बघा, तुम्हीही देणार नाही.

सुटं सुटं आठवलं ते टाकतो. जुने टायर घेताना बाजूवरचा चार आकडी नंबर बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली म्हणून टायर नवा नसतो. ट्रान्सपोर्टवाल्याला पॅनसोबत दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं लेखी दिलं तर भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. माझा दोन वर्षं फुकट कापला गेला. आणि ओव्हरलोडचा दंड आता वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे. ड्रायव्हर असताना तो मालकाचा होता, आता तुमचा होणार. काट्यावर वजन करून मगच निघा.

मालकाला घेऊन शाखेत जाऊन या आणि काय म्हणाले ते कळवा. स्टेटमेंट मिळालं तर नावं-नंबर झाकून फोटो टाका, कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं ते मी सांगतो.